बरणीतला कोळी आणि दरडीतली बिळं

पत्र:

ताई, मी पाटण तालुक्यातल्या एका गावचा. कराडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात घरामागची दरड जेसीबीने तासली, तिथे दोन खोल्या वाढवायच्या आहेत. ढेकळांत एक मोठा केसाळ कोळी निघाला, पाय पसरले तर माझ्या तळहाताएवढा. गडी खोऱ्याने मारणार तेवढ्यात मी तो बरणीत घेतला. आता कापसाच्या बोळ्यावर ठेवलाय. दोनदा झुरळ टाकलं, पण खात नाही. उरलेल्या दरडीत तशीच आणखी सहा-सात बिळं आहेत, तोंडाला पांढरट जाळी असलेली. त्यातला अजून एक काढून जोडी करावी आणि काचेच्या टाकीत नीट पाळावी असं मनात आहे. परदेशातली मुलं पाळतात ते व्हिडिओत बघतो. एका ग्रुपवर फोटो टाकला तर कुणीतरी ‘एक नग दोन हजाराला घेतो, कुरियर कर’ असा निरोप धाडला. मी विकणार नाही. पण पाळायचं कसं, कायद्याने चालतं का, आणि आईला काय सांगू? ती म्हणते, हे घरात राहिलं तर मी जेवणार नाही.

– पाटण तालुक्यातला एक विद्यार्थी

उत्तर:

आधी बरणीचं बघू, बाकीचं मागाहून. कापूस आजच काढ. कोळ्याच्या पायांच्या टोकाला बारीक नख्या असतात, त्या कापसाच्या तंतूंत अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय तुटतो. झुरळही बाहेर काढ. घरातल्या झुरळाने कुठलं औषध खाल्लंय ते आपल्याला कळत नाही, आणि कोळी कात टाकत असताना जिवंत झुरळ शेजारी असेल तर ते त्यालाच कुरतडतं. तो खात नाही यात नवल नाही. सगळं आयुष्य अंधाऱ्या, ओलसर नळीत गेलेला हा प्राणी, त्याला आता चहूकडून उजेड दिसतोय आणि अंगाला कुठेच भिंत लागत नाही. अशा वेळी तो शिकार करत नाही, लपायला जागा शोधतो. उपासाची काळजी करू नकोस. बिळातून निघालेला एवढा मोठा कोळी बहुधा मादीच असतो, म्हणून पुढे मी तिला ‘ती’च म्हणते. पूर्ण वाढलेली मादी महिनोन्महिने न खाता राहते. पाण्यावाचून मात्र तिचे हाल होतात.

घरात पिठाचा जुना प्लास्टिकचा डबा असेल तर तो धुऊन कोरडा कर. माती त्याच दरडीची घे. कुंडीतली किंवा उसाच्या वावरातली नको, तिच्यात खताचे आणि फवारणीचे अंश असतात. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये, एवढीच ओल हवी. दाबत दाबत दीड वीत थर भर. मातीपासून झाकणापर्यंत चार बोटांहून जास्त मोकळी जागा ठेवू नकोस. हे कोळी अंगाने जड असतात, झाकणापर्यंत चढून तिथून पडले तर पोट फुटून मरतात. काचेच्या उंच टाक्यांत त्यांचा जीव जातो तो बहुतेक असाच. डब्याच्या कडेला अंगठ्याएवढ्या जाड काठीने एक तिरकं भोक पाड, वर फुटक्या कौलाचा तुकडा आडवा ठेव, आणि बाटलीच्या झाकणात पाणी. हवेसाठी तापवलेल्या दाभणाने झाकणाला बारीक भोकं पाडलीस की पुरे. स्पंज ठेवू नकोस, तो कुजतो.

कोळी हाताने उचलू नकोस, जमिनीवर बसून काम कर. बरणी आडवी करून तिचं तोंड मातीला टेकव आणि मऊ ब्रशने मागच्या पायांना हळूच स्पर्श कर, ती स्वतःच पुढे सरकेल. डबा अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेव. त्या खोलीत डास मारायची कॉइल, लिक्विडचं मशीन आणि झुरळांचा स्प्रे पूर्ण बंद. डास ज्याने मरतो त्याने कोळीही मरतो. एखाद्या सकाळी ती पाठीवर उताणी पडलेली दिसली तर मेली म्हणून फेकून देऊ नकोस. हे कोळी उताणे होऊनच कात टाकतात, त्याला कित्येक तास लागतात, आणि नंतरही काही दिवस अंग मऊ असतं. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आत वळलेले असतात. हा फरक ठाऊक नसल्यामुळे बरेच जिवंत कोळी कचऱ्यात जातात.

हा डबा तिचं घर मात्र नाही. ती तिथे थोडेच दिवस राहणार आहे. का, ते आता सांगते.

तू लिहिलंयस त्यावरून हा टॅरँट्युला आहे, थेराफोसिडी या कुळातला. या कुळाचे आणि त्याच्या जवळच्या कुळांचे कोळी आपल्या घरातल्या कोपऱ्यातल्या कोळ्यांहून फार जुन्या घडणीचे आहेत. त्यांचे विषदात एकमेकांसमोर येऊन मिटत नाहीत, टिकावासारखे दोन्ही वरून खाली येतात. पोटाखाली श्वासाच्या पुस्तकासारख्या पटलांच्या दोन जोड्या असतात, घरातल्या कोळ्यांत बहुधा एकच. अंगावर केस नसून चकाकी असती आणि बिळाला मातीचं बिजागरीवर उघडणारं झाकण असतं, तर मी तुला इडिओपिडी कुळाकडे बघ म्हटलं असतं. सह्याद्रीत तेही आहेत, आणि त्यांचं झाकण इतकं बेमालूम असतं की शेवाळलेल्या दरडीवर बोट टेकेपर्यंत दिसत नाही. तुझ्या कोळ्याची नेमकी जात फोटोवरून ठरवायच्या भानगडीत पडू नकोस. टॅरँट्युलाचा रंग वयाप्रमाणे आणि कात टाकल्यानंतर बदलतो, जात ठरवायला अभ्यासकाला सूक्ष्मदर्शकाखाली अवयव बघावे लागतात. पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने भारतातल्या कोळ्यांवरचा मोठा ग्रंथ १९०० साली काढला, त्याआधीच्या वर्षी त्याने पश्चिम घाटातल्या बऱ्याच टॅरँट्युलांची वर्णनं छापली होती. चिलोब्रेकिस फिंब्रिएटस ही त्यातली एक, परदेशातल्या हौशी लोकांच्या टाक्यांत आज ती सर्रास दिसते. त्यानंतर शंभर वर्षं या प्राण्यांकडे फारसं कुणी फिरकलं नाही. घाटातल्या नव्या जाती अजूनही सापडताहेत, आणि त्यातल्या काही एखाद्याच डोंगररांगेपुरत्या आहेत.

असं का, हे तुझ्या दरडीतच दिसेल. हवेत धागा सोडून उडत जाणारी कोळ्यांची पिल्लं तू पाहिली असशील. टॅरँट्युलाची पिल्लं बहुधा तसं करत नाहीत. ती आईच्या बिळातून निघून चालत जातात आणि जवळच स्वतःचं इवलंसं बीळ खणतात. मादी मग ते बीळ वाढवत नेते आणि सहसा आयुष्यभर सोडत नाही. म्हणजे तुझ्या मागच्या दरडीतली सहा-सात बिळं ही बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या माद्यांची वस्ती आहे. त्यातली एक काढलीस तर तिच्यामागे कित्येक वर्षांची अंडी गेली, आणि ती जागा भरायला दुसरीकडून कुणी उडत येणार नाही.

आयुष्य म्हणजे किती, तर ऑस्ट्रेलियातली एक मादी जगाला ठाऊक आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थ बंगुला राखीव क्षेत्रात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून झाकणाच्या बिळात राहणाऱ्या कोळ्यांवर नजर ठेवली. बिळांना क्रमांक दिले होते. त्यातली ‘क्रमांक १६’ ही मादी त्याच एका बिळात वाढली आणि २०१६ मध्ये गेली, तेव्हा तिचं वय ४३ वर्षं होतं. म्हातारपणाने नव्हे, परजीवी गांधीलमाशीने बिळाचं झाकण भेदलेलं आढळलं. तुझी मादी त्या जातीची नाही, तिचं आयुष्य एवढं असेल असं मी म्हणत नाही. पण बिळात राहणाऱ्या या कोळ्यांच्या माद्या वर्षानुवर्षं जगतात हे पक्कं. नराचं उलट असतं. वयात आला की तो बीळ कायमचं सोडतो, मादी शोधत हिंडतो आणि काही महिन्यांत मरतो. पावसाच्या सुरुवातीला रात्री अंगणात, कधी न्हाणीघरात बारीक अंगाचा, लांब पायांचा केसाळ कोळी दिसतो, तो बहुधा असा हिंडणारा नर. त्याला झाडूने मारू नका, कागदावर घेऊन दरडीकडे सोडा.

तुझ्या जोडीचा प्रश्न इथेच मिटतो. दरडीतून तू दुसरा मोठा कोळी काढशील तर तोही बहुतेक मादीच असेल, आणि एका डब्यात दोन माद्या म्हणजे एका रात्रीत एकच उरणार. या प्राण्यांना सोबत लागत नाही. एकमेकींच्या बिळाजवळ राहणं त्यांना चालतं, एका छताखाली चालत नाही.

व्हिडिओतल्या मुलांचं बोलू. ते हातावर घेऊन फिरवतात ते कोळी बहुतांशी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले असतात. त्यांच्या पोटावर खाजऱ्या केसांचा झुपका असतो, धोका वाटला की ते केस उडवतात आणि चावायची वेळ सहसा येऊ देत नाहीत. आपल्याकडच्या टॅरँट्युलांना असले केस नाहीत. त्यांच्याकडे वेग आहे आणि दात आहेत. त्या व्हिडिओत बघून आपल्या कोळ्याला हातावर घेशील तर चावून घेशील आणि दचकून झटकशील, म्हणजे तुलाही दुखेल आणि तीही फुटेल. शिवाय मेक्सिकोतल्या ज्या लाल गुडघ्याच्या कोळ्याचे फोटो सगळीकडे दिसतात, तो ब्रॅकिपेल्मा हा वंश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस करारात मोडतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि त्यानंतर असे परदेशी प्राणी बाळगायचे तर नोंदणी करावी लागते. ‘कागदपत्रं नाहीत पण पिल्लू स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नकोस. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत पोलंडहून आलेल्या एका टपाल पार्सलमध्ये शंभरहून जास्त जिवंत कोळी कस्टमने पकडले होते, एकेक इवल्या प्लास्टिकच्या कुपीत कोंबलेले. हा धंदा असा चालतो.

आता तुझा दोन हजारवाला. त्याला उत्तर देऊ नकोस, आणि ग्रुपवरचा फोटो आजच काढून टाक, कारण त्यात मागे तुझं घर आणि डोंगर ओळखू येत असेल तर त्याला तुझी गरज उरत नाही. तो स्वतः पहार घेऊन येईल. याचं एक उदाहरण सांगते. आंध्रात गुत्ती इथे रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडलेल्या एका निळ्या टॅरँट्युलाचं वर्णन पोकॉकने १८९९ मध्ये केलं, पोसिलोथेरिया मेटॅलिका. मग ती शंभर वर्षं कुणाला दिसलीच नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात ती पुन्हा सापडली. थोड्याच वर्षांत ती युरोप-अमेरिकेतल्या टाक्यांत विकायला होती, आणि मूळ जंगलात मात्र ती आज अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. जंगल तुटल्याने ती विरळ झालीच होती, त्यात जागा कळली. कोळ्यांच्या बाबतीत जागेचा पत्ता हीच सगळ्यात नाजूक गोष्ट. म्हणून मी या उत्तरातही तुझ्या गावाचं नाव घेतलेलं नाही.

कायद्याचं विचारलंस. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तुझ्या तालुक्याचा काही भाग त्यातच येतो. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीतून परवान्याशिवाय कोणताही वन्यजीव उचलणं हा गुन्हा आहे, मग तो वाघ असो की कोळी. कायद्याचं कलम २९ आणि कलम ३५ तेच सांगतात. सांगलीकडचा सागरेश्वरही अभयारण्यच आहे. राखीव वनातही हात लावायचा नाही. तुझी दरड तुमच्या मालकीची आहे आणि जेसीबीच्या तोंडून तू एक जीव वाचवलास, त्यात तू काही वाईट केलं नाहीस. तरीही पाटणच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात एक साधा अर्ज दे, की बांधकामात कोळी निघाला, त्याच जागी सोडतो आहे. पोच घेऊन ठेव. उद्या कुणी तक्रार केली तर तुझ्याकडे कागद असेल.

सोडायचं कसं, ते आता. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि घाई केली तर फसते. दरडीचा जो भाग शिल्लक राहणार आहे, जिथे पुढे भिंत येणार नाही, पागोळ्यांचं पाणी थेट पडत नाही आणि दुपारी सावली असते, अशी जागा निवड. आधीच्या बिळांपासून निदान दोन-तीन हात लांब. तिच्या अंगापेक्षा जरा रुंद काठीने दरडीत आत उताराचं, हातभर नाही तरी वीतभर तरी खोल भोक पाड. भोक आतल्या बाजूला खाली उतरतं असलं पाहिजे, पण वरून ओघळणारं पाणी तोंडातून आत जाईल अशा जागी ते नको. संध्याकाळी, पाऊस नसताना, डबा तोंडाजवळ टेकवून ब्रशने तिला आत जाऊ दे. मग तोंडावर मातीचं मडकं किंवा जाळीचं टोपलं पालथं घालून दगड ठेव आणि रात्रभर तसंच राहू दे. आत ती दडून बसली आणि सकाळी तोंडाशी ताजी माती किंवा रेशमाचे धागे दिसले, तर तिने जागा घेतली. टोपलं काढ. बाहेर येऊन भिंतीला चिकटलेली दिसली तर जागा पसंत नाही, दुसरीकडे पुन्हा पाड. मृगाचा पाऊस पडून माती मऊ झालीय, खणायला हाच हंगाम. भर उन्हाळ्यात सोडली असती तर कडक मातीत ती काहीच करू शकली नसती.

जेसीबीने तिची मूळ नळी उघडी पाडली असेल तर ती एकदा नीट बघून घे, मोडायच्या आत. आत रेशमाचं अस्तर असेल, वळण असेल, तळाशी रुंद खोली असेल, कोपऱ्यात नाकतोड्यांच्या पायांचे आणि भुंग्यांच्या पाठींचे तुकडे पडलेले असतील. जुनी कातही सापडते. कात मिळाली तर कोरडी करून काडेपेटीत ठेव. वनस्पती गोळा करणारे पानं सुकवतात, कोळ्यांच्या अभ्यासात ही कात तेवढीच उपयोगी, आणि त्यासाठी कुणाला मारावं लागत नाही.

उरलेल्या बिळांसाठी माझी तुला एकच मागणी आहे. ती खणू नकोस, पण सोडूनही देऊ नकोस. तुझ्या घरामागे टॅरँट्युलांची वस्ती आहे, ही संधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळत नाही. प्रत्येक बिळाशेजारी, तोंडापासून हातभर अंतरावर, क्रमांक लिहिलेली पत्र्याची पट्टी रोव. बिळाच्या तोंडाचा व्यास पट्टीने मोज, महिन्यातून एकदा, तोंडाला स्पर्श न करता. बीळ रुंद होत गेलं की आतली मादी वाढतेय. पावसाळ्यात रात्री आठ-नऊनंतर बॅटरीवर लाल जिलेटिन कागद गुंडाळून बघ. कोळ्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, पांढऱ्या उजेडाने आणि पावलांच्या हादऱ्याने मात्र ती क्षणात आत जाते. हे कोळी डोळ्यांनी फार कमी बघतात, पायांखालच्या कंपनांवर जगतात. म्हणून चालत गेलास तर दहा मिनिटं नुसता बसून राहा, मग तोंडाशी पुढचे पाय येतील. गवताची काडी घालून तिला बाहेर काढायचा खेळ व्हिडिओत दाखवतात, तो करू नकोस. दर वेळी ती रेशमाचं तोंड फाडून मागे हटते आणि ते पुन्हा विणायला तिला रेशीम खर्च करावं लागतं.

कधी बिळाचं तोंड अचानक मातीने आणि जाळ्याने बंद दिसेल. घाबरून उकरू नकोस. कात टाकायच्या वेळी, अंडी असताना आणि कडक उन्हाळ्यात ती दार लावून घेते. अंड्यांची पिशवी ती बिळातच सांभाळते. पिल्लं निघाली की तोंडाशी एकदम इवल्या पायांची गर्दी दिसते, त्या दिवसाची तारीख न चुकता लिहून ठेव.

गावात इतरत्र अशी वस्ती शोधायची असेल तर नांगरलेल्या सपाट रानात वेळ घालवू नकोस. जुन्या पायवाटेच्या कडेची दरड, मोठ्या झाडाच्या मुळांखालचा उतार, पडक्या वाड्याची मातीची भिंत, ओढ्याचा उंच काठ, जिथे माती बऱ्याच काळात कुणी हलवलेली नाही, तिथे बघ. कोळ्याचं बीळ गोल असतं आणि तोंडाला रेशमाची कडा असते. इंगळीच्या बिळाचं तोंड आडवं, चंद्रकोरीसारखं पसरट असतं आणि रेशीम नसतं. खेकड्याच्या बिळासमोर चिखलाच्या गोळ्या पडलेल्या असतात. उंदराचं बीळ मोठं आणि पुढे मातीचा ढीग. ज्या गोल बिळाला रेशीम नाही त्यात कोण आहे हे तुला ठाऊक नाही, एवढं धरून चाल.

याच कारणासाठी बिळात बोट घालायचं नाही आणि दगड उचलायचा तर लांब काठीने, स्वतःकडे ओढून नव्हे. आपल्या भागात कोळ्याहून खरी भीती लाल विंचवाची आणि फुरशाची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे औषध लाल विंचवाच्या दंशावर वापरून मृत्यू कमी केले, त्याआधी कोकणात आणि घाटावर कितीतरी लेकरं त्या दंशाने गेली. विंचू चावला किंवा फुरसं डसलं तर मंत्र-उतारा नाही, थेट सरकारी दवाखाना. रात्री निरीक्षणाला जाताना बूट घालच, आणि घरी सांगून जा.

तरीही एखादा कोळी जवळ ठेवून बघायची इच्छा मी समजू शकते. रोज डोळ्यांसमोर असलेल्या प्राण्याकडून आपण शिकतो ते वेगळं असतं. त्यासाठी लांडगा कोळी घे. बांधावरच्या गवतात श्रावणापासून सकाळी दवाने चमकणारी चादरीसारखी जाळी दिसतात, एका टोकाला नळी असलेली, ती यातल्याच हिप्पासा वंशाच्या कोळ्याची. माणदेशातल्या मुरमाड माळांवर जमिनीत सरळ बीळ करणारे लांडगा कोळीही आहेत. रात्री कपाळावर बॅटरी बांधून बघितलंस तर त्यांचे डोळे गवतात हिरवट चमकतात, शोधायला सोपं जातं. हे कोळी साधारण वर्षभर जगतात आणि संख्येने भरपूर असतात. घराच्या बांधावरून एक आण, वीतभर मातीच्या डब्यात ठेव, आठवड्याला एक-दोन बारके रातकिडे दे. रातकिडे उसाच्या किंवा भाजीच्या फवारलेल्या पट्ट्यातून धरू नकोस, तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागेतून तर नकोच नको. मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला बांधून हिंडते, आणि पिल्लं निघाली की ती सगळी तिच्या पाठीवर चढतात. हे डब्यात बघायला मिळालं तर तुझं भाग्य. पिल्लं पाठीवरून उतरायला लागली की सगळ्यांना त्याच बांधावर परत सोड, जिथून आणलं त्याच जागी.

फोटो आणि नोंदी टाकायच्या असतील तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाक, पण तिथे जागा लपवायची सोय आहे ती आधी सुरू कर. कोळ्यासोबत मोजपट्टी ठेवून काढलेला, वरून आणि शक्य झालं तर पुढून, असा फोटो अभ्यासकाला उपयोगी पडतो. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना ही वही दाखव. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय तालुक्यात सापडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता आई. तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. घरात लहान पोरं असतील, रात्री कुणी अनवाणी उठत असेल, तर अशा कोळ्याचा डबा स्वयंपाकघराजवळ असणं बरोबर नाही. तिला खोटं सांगू नकोस की हा चावत नाही. चावतो. दुखतं जबर, सूज येते, कधी स्नायूंना गोळे येतात. माणूस सहसा दगावत नाही, पण जखम साबणाने धुऊन, गार पट्टी ठेवून दवाखाना गाठायचा. हे सगळं खरं सांग आणि सोबत तारीख सांग, की अमुक वारी संध्याकाळी हिला दरडीत सोडणार. तोवर डबा झाकणाला दोरी बांधून पडवीतल्या उंच नसलेल्या, बंद होणाऱ्या कपाटात ठेव. सोडायच्या वेळी आईला बोलाव. माझा अंदाज आहे की ती येईल, आणि दरडीतल्या बिळांबद्दल तिला तुझ्याहून जास्त ठाऊक असेल. परसात रोज वावरणारी ती आहे. ती बिळं किती वर्षांपासून तिथे आहेत, कुठली आधीची, कुठली नवी, हे तिला विचार आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही.

एक काम मात्र वडिलांकडून करून घ्यावं लागेल. खोल्यांचा पाया घेताना जेसीबी पुन्हा येईल. ज्या बाजूला बिळं आहेत तिथली निदान पाच-सहा फूट दरड तशीच राखता येते का ते गवंड्याला आत्ताच विचार. दरडीला पिचिंग करायचं ठरलं असेल तर ते बिळांच्या पलीकडून सुरू करायला सांग, आणि पट्ट्या रोवल्यास की त्या कशाच्या आहेत हे जेसीबीच्या ड्रायव्हरला काम सुरू व्हायच्या आधी जागेवर नेऊन दाखव. फोनवर सांगितलेलं साइटवर पोचत नाही.